ती. आई-बाबांस, बिशानहून

सिंगापूर, 11 मे

ती. आई व ती. बाबा,
शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. आई, व्हिडिओवर गाल बसलेले दिसतात ते खोलीतल्या ट्यूबलाइटमुळे. वजन उलट दोन किलोने वाढलंय. ऑफिस, डबा, झोप सगळं तुम्हाला पाठ आहे, ते परत लिहीत नाही. फोनवर बाबा घरामागच्या परड्यातल्या पऱ्याला, म्हणजे त्या ओढ्याला, भिंत बांधायचा विषय काढतात, मी वाद घालतो आणि तू फोन काढून घेतेस, म्हणून हे पत्र. दापोलीचा मित्र शुक्रवारी निघतोय, त्याच्या हाती देतो. सोबत बाबांच्या गुडघ्याला टायगर बाम आहे. आळीत वाटून टाकू नका.

आजीला सांग, मी टिशू पेपरवर जेवत नाही. त्या दिवशी फोन कट झाला आणि अर्धंच कळलं. इथे हॉकर सेंटर म्हणून मोठ्या छपऱ्या असतात, खाली तीस-चाळीस गाळे, मध्ये टेबलं. माणूस आला की आधी टेबलावर टिशूचं पाकीट ठेवतो, मग जेवण आणायला जातो. पाकीट ठेवलं म्हणजे जागा धरली. याला 'चोप' करणं म्हणतात. टिशू नसेल तर छत्री, नाहीतर ऑफिसचं ओळखपत्रसुद्धा! आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो तसंच, पण इथे रुमालावरून भांडण होत नाही. हातात वाफाळतं ताट घेतलेला म्हातारा त्या चिमूटभर पाकिटाकडे बघतो आणि गुपचूप पुढे जातो. चार वर्षं झाली, मला अजून ते जमत नाही. मी उभ्यानेच खातो. (आई, रोज नाही.)

बाबा, आता भिंत. रागावू नका, पूर्ण वाचा.

माझ्या खोलीपासून दहा मिनिटांवर कलांग नदी आहे. पुराला वैतागून यांनीही एकेकाळी तेच केलं जे तुम्ही म्हणताय. नदी सरळ केली, काठाला आणि तळाला काँक्रीट ओतलं. पुढे बिशानच्या बागेत 2009 मध्ये तेच काँक्रीट फोडायला घेतलं आणि 2012 मध्ये नदी मोकळी केली. 2.7 किलोमीटरचा सरळ कालवा होता, त्याची आता सुमारे 3 किलोमीटरची वळणं घेत जाणारी नदी झालीय. कालवा 17 ते 24 मीटर रुंद होता. आता मोठ्या पावसात पाणी जवळजवळ 100 मीटरपर्यंत ऐसपैस पसरतं आणि पूर्वीपेक्षा सुमारे 40 टक्के जास्त पाणी निघून जातं. एरवी त्याच गवतावर पोरं खेळतात, म्हातारे हातवारे करत व्यायाम करतात. ते गवत म्हणजे नदीने टाकलेला रुमाल. फोडलेल्या काँक्रीटचीही तिथेच एक टेकडी केलीय.

काठ कशाने धरलाय ते मी एकदा उकिडवं बसून पाहिलं. लोक बघत होते, बघू देत. दगडांच्या फटींतून झुडपं वर आलीत आणि बोटाएवढी मुळं दगडाला गच्च विळखा घालून बसलीत. मुळात तिथे ओल्या फांद्यांच्या मोळ्या पुरल्या होत्या. आपण कुंपणाची वई घालताना शेवग्याची फांदी खोचतो आणि ती पावसात फुटते, तसंच. तेही आधी 60 मीटरच्या तुकड्यावर वेगवेगळे प्रकार करून बघितलं, मग बाकीचं.

आई, पाणी चढायला लागलं की दिवे लागतात, भोंगा वाजतो, सगळे वर येतात. मीही येतो. आणि आपल्या चिपळूणच्या शिव नदीसारख्या मगरी इथे फिरत नाहीत, पाणमांजरं आहेत. ती लोकांच्या हौदातले महागडे मासे फस्त करतात आणि तरी लोक त्यांचेच फोटो काढत फिरतात.

तुम्ही म्हणाल, सिंगापूरला कोयनेच्या वीजघरातून सुटणारं अवजल येत नाही, दाभोळ खाडीची भरती आडवी येत नाही. खरंय. वाशिष्ठीचं मी काही बोलतच नाही. मी फक्त आपल्या परड्यातल्या पऱ्याचं बोलतोय. 22 जुलै 2021च्या पुरात पाणी आत आलं ते पुढच्या रस्त्याने. परड्यातून ते ओसरलं. भिंत असती तर चिखलाचं पाणी घरातच तुंबलं असतं. शिवाय तुम्ही दोन हात पुढे बांधलंत की पऱ्या पलीकडे काकूंच्या पडवीत शिरणार. काकू बोलणार नाहीत, पण शिरणार.

"तू कुठे होतास तेव्हा" हे तुम्ही म्हणाला नाहीत. मला मात्र ते रोज ऐकू येतं. करोनामुळे नेहमीची विमानं बंद होती, बाबा. दोन दिवस तुमचा फोन लागत नव्हता आणि मी इथे चादरी इस्त्री करत बसलो होतो, कारण हाताला दुसरं काही सुचत नव्हतं.

असो. दीड लाख सोमवारी खात्यात जमा होतील. भिंतीचेच म्हणून मागितलेत, तसेच पाठवतोय, हिशोब विचारणार नाही. पण त्यात माळा पक्का होतो, जिना रुंद होतो आणि आजीला उचलून न्यावं लागत नाही, एवढं मिस्त्रीला विचारून बघा. ताईच्या हप्त्याचे वीस हजार वेगळे. भावजींना कळू देऊ नका.

गुहागरच्या स्थळाचा फोटो पाहिला. मुलगी छान आहे. तिला इकडे यायचं नाही म्हणतात, तर तिचंच बरोबर असेल. दिवाळीपर्यंत थांबा, तेव्हा मी नक्की सांगतो. 'नक्की' हा शब्द मी मागेही वापरला होता, माहीत आहे.

गणपतीला रजा नाही मिळाली. आरतीच्या वेळी फोन मखरासमोर धरा, आधी चार्ज करून. मोदकांचे फोटो पाठवू नका.

तुमचा,
बाळू

ता. क. आई, दाखले, पासबुकं आणि आजीच्या गोळ्या जूनच्या आधी माळ्यावर ठेव. काकूंचीही पेटी ठेवून घे.