शनिवारच्या बोन ओदोरीबद्दल (जपानच्या बोन सणातला रिंगणातला नाच)

नमस्कार मंडळी,

शनिवारी संध्याकाळी ६ वाजता बागेत यागुराजवळ (नाचाच्या मधोमधचं उंच मचाण) जमायचं आहे. शेजारच्या आजींनी आवर्जून बोलावलंय, तेव्हा यायचंच.

युकाता (उन्हाळी सुती किमोनो) नेसताना डावी बाजू वर हवी. उजवी वर फक्त मृतांना नेसवतात, आणि बोन हा पितरांच्या स्वागताचा सण आहे, म्हणून आरशात एकदा नीट बघा.

खाणकामगारांच्या नाचात आधी कोळसा खणायचा, मग खांद्यावर टाकायचा, कपाळाशी हात नेऊन मागे बघायचं, शेवटी गाडी ढकलायची. पाऊल चुकलं तरी रिंगण सोडू नका, पुढच्या आजींच्या हातांकडे बघा. भोंडल्याच्या फेरात वाढलेल्यांना हे लगेच जमेल.

लेझीमचा सराव घरी नको, भिंती पातळ आहेत. रविवारी सकाळी आराकावा नदीच्या काठी करू.

पाण्याची बाटली आणि हातपंखा आणा. कचरा आपापला घरी न्यायचा.