आमच्या साऊंडवाल्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

यंदा गणपतीत मिक्सरवर तुम्ही नव्हतात. तुमच्या मुलाने साऊंड उत्तम सांभाळला, तरी माझी नजर सारखी मांडवाच्या मागच्या टोकाकडे जात होती. तिथे तुम्ही उभे असायचात, म्हणून मी 22 वर्षं ऑर्केस्ट्रात टिकलो. तुमच्यासमोर हे कधी बोलता आलं नाही, म्हणून आज सगळ्यांदेखत लिहितोय.

बेसवाल्याची, म्हणजे बेस गिटार वाजवणाऱ्याची, गत तुम्हाला ठाऊक आहे. गायकाला वन्समोअर, ढोलकीला शिट्ट्या, आणि सुपारी कमी पैशांत ठरली की पहिलं पाकीट कापायचं ते बेसचं. कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातात बेस असतोच, असं म्हणतात. सांगली-कोल्हापूर भागातल्या आपल्या त्या पार्टीत दुसऱ्याच सीझनला मला थांबवायचं ठरलं होतं. तुम्ही मालकांना म्हणालात, "पोरगं राहू द्या, नाहीतर सेट दुसरीकडून मागवा." साऊंडवाल्याने वादकासाठी असा शब्द टाकलेला मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

एक साऊंड चेक अजून डोळ्यांपुढे आहे. मला माझंच वाजवलेलं ऐकू येईना म्हणून मी अ‍ॅम्पचा, म्हणजे गिटारच्या स्पीकरचा, आवाज वाढवत होतो आणि समोर नुसता गोंगाट होत होता. तुम्ही रागावला नाहीत. माझी गिटार हाताखालच्या मुलाच्या गळ्यात घातलीत, वरची जाड तार मोकळी वाजवत राहा म्हणालात आणि मला हाताला धरून मागे नेलंत. स्टेजवर जे हरवत होतं, ते तिथे छातीत घुमत होतं. "तुझा अ‍ॅम्प तुझ्या पोटऱ्यांना ऐकवतोय बाळा, कानांना नाही," असं म्हणून तुम्ही तो लोखंडी खुर्चीवर चढवलात. मग समजावलंत की ही तार 41 हर्ट्झची, सबवूफर, म्हणजे खालच्या सुरांचा मोठा स्पीकर, नसलेल्या गावात तो सूर बॉक्समधून बाहेरच पडत नाही. तिथे 800 हर्ट्झच्या आसपासचा आवाज थोडा उचलायचा, म्हणजे त्या तारेचे वरचे सूर ऐकू येतात आणि खालचा सूर कान आपला आपण धरतो. ते गणित मी आजही प्रत्येक गावात लावतो.

आणि ती जत्रा. जमीन ओली, जनरेटरला अर्थिंग नाही. हात तारांवर ठेवून मी कोरससाठी माइककडे वाकलो आणि ओठांना असा झटका बसला की डोळ्यांपुढे अंधारी आली. तुम्ही चालू गाण्यात मेन बंद केलात. लोक ओरडत होते, आयोजक अंगावर येत होते. तुम्ही मात्र गुडघ्यांवर बसून जमिनीत सळई ठोकत होतात, तिच्याभोवती मिठाचं पाणी ओतत होतात. पाऊण तास कार्यक्रम थांबला, तुमचं पाकीटही कापलं गेलं. ते मला चार महिन्यांनी दुसऱ्याकडून कळलं.

त्यानंतर मी वाजवायला उभा राहण्याआधी तुम्ही टेस्टर घेऊन यायचात. आधी माइकची जाळी, मग माझ्या तारा. काका, माझ्या घरी दोन मुली आहेत. त्या टेस्टरचे उपकार मी कुठल्या शब्दांत मानू?

परवा विसर्जनाच्या आदल्या रात्री मी गिटार गळ्यात घालत होतो, तेवढ्यात तुमचा मुलगा स्टेजवर आला. हातात तुमचाच टेस्टर होता, पिवळ्या मुठीचा. काही न बोलता त्याने माइकला लावला, मग माझ्या तारांना.

दसऱ्याला सोनं घेऊन घरी येतो.

तुमचा,
बेसवाला