ग्लासगोच्या काकांना, हत्तीच्या बॅजबद्दल

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

नाव घेऊन आभार मानलेले तुम्हाला चालणार नाहीत, म्हणून हे बिननावाचं उघडं पत्र. जुन्या बाजारात घेतलेल्या स्कॉटिश पलटणींच्या टोप्यांवरच्या बॅजेसचे फोटो पाठवले, तर तुम्ही आधी पाठीचे फोटो मागितलेत. ठशात दाबून काढलेल्या अस्सल बॅजच्या पाठीवर पुढची नक्षी खळग्यांच्या रूपात उतरते आणि ओतीव नकलेची पाठ बहुधा ओबडधोबड, बारीक छिद्रांची असते, हे मला कुठे ठाऊक होतं?

शिंगवाल्या हरणांचा गुंता तर तुम्ही दोन ओळींत सोडवलात. सीफोर्थ हायलँडर्सचं हरीण समोरून बघतं, त्याला मान नाही. गॉर्डनचं मात्र छोट्या मुकुटातून मानेसकट वर येतं, भोवती आयव्हीची वेल आणि खाली ‘बायडँड’ हे ब्रीदवाक्य. आता लांबूनही ओळखू येतात. ब्लॅक वॉच पलटणीच्या दोन बॅजेसना वेळ लागला, कारण दोन्हींवर तोच तारा, तोच स्कॉटलंडचा संत अँड्र्यू. एकावर पलटणीच्या नावाच्या पट्ट्या होत्या, म्हणजे तो १९३०च्या दशकाच्या मध्याआधीचा नमुना. दुसऱ्यावर पट्ट्या नव्हत्या आणि मुकुटाच्या कमानी मधे खोलगट होत्या, म्हणजे तो राणी एलिझाबेथच्या काळातला, १९५३ नंतरचा. राजांच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी फुगीर असायच्या, हे तुम्ही कागदावर काढून दाखवलंत. (चित्रकला जेमतेम आहे, पण कळलं!)

खरे आभार मात्र हायलँड लाइट इन्फंट्रीच्या बॅजसाठी. तारा, बिगुल, आद्याक्षरं, एवढंच मला दिसत होतं. तळाशी बघ, म्हणालात. तिथे हत्ती आणि ‘असई’! आमच्या जालना जिल्ह्यातली असई. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेला तिथे हरवलं, आणि त्या दिवशी त्याच्या ७४व्या पलटणीचे निम्म्याहून जास्त लोक पडले किंवा जायबंदी झाले. १८८१ साली ७१वी आणि ७४वी एक होऊन ही पलटण झाली, तेव्हा हत्तीही सोबत आला. ७८वीही असईला लढली होती. ती सीफोर्थमध्ये गेली, पण त्यांच्या टोपीवरच्या बॅजवर हत्ती नाही. आपल्या पराभवाची खूण परक्यांच्या टोपीवर बघून अभिमान वाटावा की राग यावा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्हीही त्यावर मत दिलं नाहीत, ते बरं केलंत.

पाऊस उघडल्यावर भारतात येणार आहात ना? मग जालन्याला उतरा. केळणा आणि जुई नद्यांच्या मधली ती जागा पायी बघू. येताना भिंग तेवढं आणा, अर्गाइल पलटणीचा बॅज अजून ओळखायचा राहिलाय.

आपली,
जालन्याची नवशिकी