नोटिशीसोबतचं पत्र

कोथरूड, पुणे
३ सप्टेंबर २०२५

प्रिय बंड्या,

या पाकिटात दोन कागद आहेत. एक नोटिशीचा, तुझ्या बाथरूमच्या गळतीबद्दलचा, टाइप केलेला, सोसायटीच्या लेटरहेडवरचा, सही-शिक्क्यासकट. त्यात तू 'मा. सभासद' आहेस आणि मी 'आपला विश्वासू, सचिव'. तो आधी वाचला असशील तर मला शिव्या घालून झाल्या असतील. आता हा वाच.

काल आपला सात दिवसांचा गणपती गेला. टाकी तीच, लोखंडी, जिन्याखालची. आरतीला 'घालीन लोटांगण'पाशी बी विंगचे इंजिनियर अजूनही सगळ्यांच्या पुढे धावतात. मूर्ती उचलायला आले कोण, तर तुझे भाडेकरू. तिघंही. एक लातूरचा, एक जळगावचा, तिसरा कुठला ते मला अजून नीट कळलेलं नाही. 'बॅचलर मुलं ठेवू देऊ नका' म्हणून मागच्या वर्षी माझ्याकडे अर्ज आला होता. मी बायलॉज काढून दाखवले: भाडेकरू ठेवायला सोसायटीची परवानगी लागत नाही, आठ दिवस आधी कराराची प्रत देऊन कळवावं लागतं, बस्स. तू कळवलं नव्हतंस, तो भाग वेगळा. ती प्रत मी त्या मुलांकडून घेतली. अर्ज करणारे काका काल त्यांच्याच हातून पंचखाद्य खात होते.

मी सचिव कसा झालो ते तुला फोनवर अर्धवट सांगितलं होतं. सभा सकाळी दहाची. दहाला सहा डोकी. आपण चोवीस सभासद, दोन-तृतीयांश म्हणजे सोळा लागतात. मग अध्यक्ष घड्याळ बघून म्हणणार, 'कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब.' साडेदहाच्या सभेला कोरम लागत नाही. लोक या तहकुबीला इतके सरावलेत की साडेदहालाच घरून निघतात. त्या अर्ध्या तासात बँकेतले काका माझ्याशेजारी येऊन बसले आणि म्हणाले, 'तुझं अक्षर बरं आहे ना रे?' मला वाटलं गणपतीचा फलक लिहायचाय. हो म्हणालो.

अक्षराचं काम म्हणजे प्रोसिडिंग बुक, सभांच्या नोंदींची वही. त्यासाठी जिन्याखालचं गोदरेजचं कपाट उघडलं तर आत डांबराच्या गोळ्यांचा वास आणि तुझ्या अण्णांचं अक्षर. १९९२पासूनची त्यांच्या सचिवपदाची सात वर्षं, काळ्या शाईत, एकही खाडाखोड नाही. ठरावाखाली 'सूचक' आणि 'अनुमोदक' यांची नावं, शेवटी 'सर्वानुमते मंजूर'. जिथे सर्वानुमते नव्हतं तिथे 'बराच वेळ चर्चा झाली' एवढंच. हे वाक्य मी आता सर्रास वापरतो. परवा लिफ्टच्या विषयावर 'बराच वेळ चर्चा झाली', म्हणजे पहिल्या मजल्यावरचे दोघं खुर्ची ढकलून उठून गेले. त्यांचं जुनंच: आम्ही लिफ्ट वापरत नाही, पैसे का द्यायचे? लिफ्टचा खर्च सगळ्यांना सारखा, पाण्याचा नळांच्या संख्येवर, दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला पाऊण टक्का, सिंकिंग फंड पाव टक्का. हे मला आता झोपेतही येतं. बायको म्हणते, येतंच.

बाकी इथे नवीन म्हणशील तर ओल्या कचऱ्याचा खड्डा अखेर सुरू झाला, आणि त्याचं श्रेय समितीचं नाही. 'स्वच्छ'च्या ज्या ताई कचरा न्यायला येतात त्यांनी एक दिवस सगळ्या बादल्या पार्किंगमध्ये ओळीने लावल्या आणि कोणाच्या ओल्या कचऱ्यात काय निघालं ते मोठ्याने वाचलं. ए विंग, तिसरा मजला: बॅटरीचे सेल. दुसऱ्या दिवसापासून सगळे शहाणे. एकदा बोलता बोलता कळलं की त्यांचीही सहकारी संस्थाच आहे, कचरावेचकांच्या मालकीची, २००८ साली महापालिकेशी करार झालेली. सभेला किती जण येतात, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

आता मुद्द्याचं. तुझ्या बाथरूमचं.

खालच्या काकूंच्या न्हाणीघराचं छत मी गेल्या वर्षी पाहिलं तेव्हा ताटाएवढा ओला डाग होता. आता अर्ध्या छताचा रंग गेलाय आणि कोपऱ्यात गिलाव्याचा पोपडा सुटून सळई दिसते. श्रावणात एक पोपडा बादलीत पडला. काकू अंघोळीला जाताना डोक्यावर पत्र्याचं जुनं ताट धरतात, असं त्यांच्या सुनेनं सांगितलं. काकूंनी स्वतः मला तक्रार दिलेली नाही. 'बंड्याला नका हो त्रास देऊ, तो लांब असतो' एवढंच. शेवटी सुनेनं लेखी दिलं.

तू फोनवर म्हणालास, पावसाचं पाणी असेल, गच्चीतून झिरपत असेल, म्हणजे काम सोसायटीचं. नियम तुला बरोबर ठाऊक आहे. गच्ची, बाहेरच्या भिंती, बाहेरचे पाइप, पावसाची गळती, हे सोसायटीनं करायचं. घरातल्या मोरीची, बेसिनची गळती ज्याची त्यानं. पण बंड्या, तुझ्या डोक्यावर अजून एक मजला आहे. पाऊस त्यातून बोगदा काढून येतो का? आणि एप्रिलमध्ये कडक उन्हात ठिपकत होतं ते काय होतं?

तरीही तुझ्या माघारी निवाडा नको म्हणून परवाच्या शनिवारी प्लंबरला बोलावलं. त्यानं तुझ्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या भांड्यात, बादलीभर पाण्यात नीळ कालवून ओतली. आपल्या आया पांढऱ्या कपड्यांना घालायच्या ती. मग आम्ही खाली काकूंकडे जाऊन बसलो. मी, प्लंबर आणि तुझा तो लातूरचा पोरगा, सगळे छताकडे माना वर करून, न्हाणीघराच्या दारात स्टुलावर. एक चहा झाला. काकूंनी पोहे केले. अडीच तासांनी त्या सुटलेल्या सळईच्या शेजारी रुपयाएवढा निळा ठिपका उमटला. बघता बघता त्याचा थेंब झाला आणि स्टुलावर पडला. काकू म्हणाल्या, 'अगंबाई, आकाश दिसायला लागलं.'

पोरगा ओशाळला. 'काका, आम्ही अंघोळ कमी करू का?' मला म्हणाला.

त्या निळ्या थेंबाचा फोटो पाठवत नाही. ग्रुपवर टाकायचा आग्रह झाला होता, तो मी होऊ दिला नाही. ग्रुपवर आधीच पुरेसं आहे.

प्लंबरचं म्हणणं: ट्रॅपचा सांधा गेलाय आणि खालचं जुनं वॉटरप्रूफिंगही. वरवर फटी भरून भागणार नाही, फरशी उखडून ट्रॅप बदलायचा, वॉटरप्रूफिंग नव्यानं करायचं, चोवीस तास पाणी भरून ठेवून बघायचं, मग फरशी. आठ-दहा दिवस, बेचाळीस हजार. त्यात काकूंच्या छताची दुरुस्ती धरली आहे.

समितीत दोघं म्हणाले, सोसायटीनं करून टाकू, वाद नको. मी अडवलं. माझा तुझ्यावर राग आहे म्हणून नव्हे (आहे, पण म्हणून नव्हे). चोवीस घरांतली निदान नऊ न्हाणीघरं त्याच वयाची आहेत. एकाचं केलं की आठ जण रांगेत. आणि शिल्लक किती, तर लिफ्टची दोरी बदलून उरले तेवढेच.

शिवाय हे फक्त काकूंचं छत नाही. इमारत तीस वर्षांपुढची, म्हणजे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट. यंदा झालं. अभियंता बाई हातोडी घेऊन खांबन् खांब ठोकत फिरल्या, बद्द आवाज आला की खडूनं गोल. 'हाड चांगलं आहे,' म्हणाल्या. मग काकूंच्या न्हाणीघरात गेल्या आणि गप्प झाल्या. सळईला पाणी लागलं की ती गंजते, गंजली की फुगते, फुगली की भोवतीचं काँक्रीट सुटतं, मग आणखी पाणी. अहवालात 'तातडीने' असा शेरा असलेली एकच जागा आहे. ती तुझी मोरी.

आता दुसरी गोष्ट, जी नोटिशीत फक्त एका ओळीत आहे. तुझ्या फ्लॅटचं शेअर सर्टिफिकेट अजून अण्णांच्या नावावर आहे. पन्नास रुपयांचे पाच शेअर, एकूण २५० रुपये, क्रमांक चौदा. अण्णांना जाऊन सहा वर्षं झाली. नॉमिनेशन तुझं आहे, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे मलाही सचिव झाल्यावरच कळलं. ताईचाही हक्क आहे. तिनं हक्कसोडपत्र करायचं की दोघांची नावं लावायची, ते तुम्ही बहीण-भाऊ ठरवा, पण ठरवा. कारण कन्व्हेयन्सचा, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा, अर्ज करायचाय आणि त्याला सभासदांची यादी सरळ लागते.

कन्व्हेयन्स अजून झालेलं नाही, हो. १९६३च्या कायद्यानं बिल्डरनं सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत जमीन आपल्या नावावर करून द्यायला हवी होती. त्याच कपाटात अण्णांनी बिल्डरला लिहिलेल्या अकरा पत्रांच्या कार्बन कॉप्या आहेत. पहिल्या पत्रात 'कृपया', सातव्यात 'खेदाने कळवावे लागते', अकराव्यात नुसताच 'महाशय'. उत्तर एकालाही नाही. त्या कायद्यातल्या २००८च्या दुरुस्तीनंतर बिल्डर आला नाही तरी कन्व्हेयन्स मिळतं, 'मानीव अभिहस्तांतरण' म्हणतात त्याला. आपण तेवढा अर्ज करायलाही सतरा वर्षं घेतली. पुनर्विकासवाल्यांच्या चकरा सुरू झाल्यात, घरटी मोफत पार्किंग आणि काय काय. जमीन आपल्या नावावर नसताना त्यांच्याशी बोलायचं म्हणजे दुसऱ्याच्या बैलाचा भाव करायचा.

तू मध्यंतरी 'नॉन-ऑक्युपन्सीच्या नावाखाली लूट' असा मेसेज फिरवला होतास. घर भाड्यानं दिलं की लागणारा आकार तो, सेवाशुल्काच्या दहा टक्के. तुझ्या बिलात १४० रुपये. एवढ्यासाठी तीन परिच्छेद लिहिलेस, पण पाच वर्षांत एका सभेला आला नाहीस. तुझी भाडेकरू मुलं येतात. मागे बसतात, खुर्च्या लावतात, उचलतात. त्यांना मत नाही. थकबाकीचं व्याज आपण बारा टक्क्यांनी लावलंय. एकवीसपर्यंत लावता येतं. अकरा महिने झालेत, मी काही बोलत नाही.

वार्षिक सभा रविवारी, २१ तारखेला. ३०च्या आत घ्यावीच लागते आणि हॉल तेवढाच मिळाला. सर्वपित्री अमावस्या आहे म्हणून दोघांनी कुरकुर केली. मी म्हटलं, सकाळी सभा, दुपारी पान वाढा. तू शनिवारी ये. उतरायचं आमच्याकडे. अण्णांचा मृत्यूचा दाखला, नॉमिनेशनची पोच आणि ताईची संमती एवढं आण. प्लंबर सोमवारपासून धरून ठेवलाय. आठ-दहा दिवस मुलं आमच्याकडे अंघोळीला येतील, त्यांना सांगितलं आहे. गीझरचा वेळही वाटून दिला आहे. काकूंना मात्र तू स्वतः भेटायचंस. अण्णा गेले तेव्हा तेरा दिवस डबा कुठून येत होता, ते तुला मी आठवून द्यायला नको.

अरे हो, त्या वहीत आपण दोघंही आहोत. १९९३, ऑक्टोबर, ठराव क्रमांक ६: 'पार्किंगमधील ट्यूबलाइट क्रिकेट खेळताना दोन मुलांकडून फुटली. मुलांची नावे सचिवांस ठाऊक आहेत. भरपाई रु. ३८ सचिवांनी स्वतः जमा केली.' तुला त्या रात्री मार बसला होता, माझ्या घरी कळलंही नाही. फटका माझा होता, बंड्या. तू बोलिंग करत होतास.

ते अडतीस रुपये तुझ्या थकबाकीतून वळते करून घेता येणार नाहीत, तशी तरतूद नाही. शनिवारी रात्री वडे खाऊ घालतो.

तुझा,
दिन्या

ता. क. : तुझ्या माळ्यावर अण्णांची पत्र्याची ट्रंक आहे. फरशी उखडताना धूळ होईल म्हणून मुलांनी ती माझ्याकडे आणून ठेवली आहे. कुलूप आहे. किल्ली असली तर घेऊन ये.