पेन्सिलने केलेला एक गोल

आदरणीय काकांस,
सा. न. वि. वि.

पहिल्या सरकारी ऑर्डरचे पैसे काल खात्यात आले. तुम्हाला फोन लावला, पण बोलताच येईना, म्हणून लिहितेय. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण ओहायोत आणि इतरत्रही आपल्या माणसांची छोटी वर्कशॉप आहेत आणि प्रत्येकाला तुमच्यासारखं कोणी भेटतंच असं नाही.

ह्यांचा हात कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत तयार झाला. इथे दोन लेथ, एक मिलिंग मशीन. अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी सुटे भाग खरेदी करणारं मोठं कार्यालय आपल्याच कोलंबसमध्ये, आणि आम्ही पाच वर्षं समजत होतो की तिथे फक्त बड्या कंपन्यांना विचारतात. मग एका एजंटाचा फोन आला. 'सॅम'वर, म्हणजे सरकारी कंत्राटं घेणाऱ्यांना जिथे नाव नोंदवावं लागतं त्या सरकारी वेबसाइटवर, नोंदणी करून देतो म्हणून 600 डॉलर घेतले आणि नंतर फोन उचलणंच बंद केलं. ती नोंदणी फुकट असते हे तुमच्याकडून कळलं, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही एका शब्दाने टोचलं नाहीत. "कागद घेऊन या, बघू," एवढंच म्हणालात.

कागद तुम्ही मार्गी लावलेत. सरकारी कंत्राटं मिळवायला लहान उद्योगांना मदत करणाऱ्या एपेक्स ॲक्सेलरेटर केंद्राच्या सल्लागाराकडे धाडलंत, तिथेही एक पैसा लागला नाही. सरकारी कंत्राटांच्या पैशातला किमान 23 टक्के वाटा लहान उद्योगांना देण्याचं उद्दिष्ट कायद्यातच आहे, हे तुम्ही ह्यांना तीनदा सांगितलंत, कारण ह्यांना ते खरंच वाटत नव्हतं.

पण माझ्या मनात घर करून बसलीय ती ऑक्टोबरमधली संध्याकाळ. 40 बुशिंगची, म्हणजे यंत्रात बसवायच्या धातूच्या छोट्या नळ्यांची, मागणी निघाली होती. ह्यांनी माल, मशीनचे तास, सगळं धरून भाव काढला होता, पाठवायचाच बाकी होता. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात, कागद डोळ्यांजवळ धरलात आणि मागच्या पानावरच्या एका ओळीभोवती पेन्सिलने गोल केलात.

"पॅकिंग धरलंय?"

एकेक नग गंजरोधक कागदात गुंडाळायचा, वेगळ्या पिशवीत सील करायचा, वर ठरलेल्या नमुन्याचं बारकोड लेबल. बुशिंगपेक्षा तो खर्च जड. "हे सोडा. घेतलंत तर प्रत्येक नगामागे पदरचे घालाल."

तोवर भेटलेला जो तो 'कोटेशन भरा, भरा' म्हणत होता. थांबवणारे तुम्ही पहिले, आणि त्यात तुम्हाला काहीही मिळणार नव्हतं. परक्याच्या कोटेशनचं मागचं पान कोण एवढं वाचतं हो? अशी माणसं आहेत म्हणून परमुलखात धंदा करायची हिंमत होते.

जानेवारीत 25 पिनांची ऑर्डर मिळाली, पॅकिंग धरून. पिशव्या मी सील केल्या, लेबलं लेकीने लावली. एकही पीन परत आली नाही.

येत्या रविवारी काकूंना घेऊन जेवायला या. तांबडा-पांढरा करतेय.