गळलेलं रसायन जातं कुठे? महापालिका आयुक्तांना खुलं पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका, मुंबई

विषय : रसायनांचे ड्रम साठवणाऱ्या गाळ्यांना परवाना देताना गळती अडवणारा बांध सक्तीचा करण्याबाबत

सविनय नमस्कार.

साकीनाका-कुर्ला पट्ट्यातल्या रसायनांच्या गोदामांत स्टोअरकीपर म्हणून माझी सगळी नोकरी गेली. थिनर, टोल्युइन, कॉस्टिक, हायड्रोक्लोरिक ॲसिड, हायपो (म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट) असा माल. असा माल ठेवायचा तर मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ च्या कलम ३९४ खाली आपला परवाना लागतो. तपासणीला कोणी आलं की आगीचे सिलिंडर मोजतात, त्यांच्यावरच्या तारखा पाहतात, वाळूच्या बादल्या लाल रंगवल्यात ना ते बघतात. हे हवंच. पण ड्रम फुटला तर आतला माल जाणार कुठे, हे मला कधी कुणी विचारलं नाही. तो जातो दारासमोरच्या गटारात, तिथून नाल्यात, मग मिठी नदीत आणि शेवटी माहीमच्या खाडीत.

ड्रम फुटतो कसा, ते सांगतो. टेम्पो दाराला पाठ लावून उभा राहतो. खाली ट्रकचा जुना टायर टाकतात. वरचा हमाल दोनशे लिटरचा ड्रम आडवा करून टायरवर सोडतो, खालचा तो झेलून उभा करतो आणि तळाच्या कडेवर गरागरा फिरवत आत नेतो. कसब आहे, त्याबद्दल वादच नाही. पण एखादा ड्रम टायर चुकतो आणि तळाच्या सांध्याजवळ पोचा येतो. त्या दिवशी काही होत नाही. मग त्याच्यावर आणखी दोन ड्रम चढतात आणि कधीतरी सकाळी शटर उघडल्यावर आधी वास येतो, नंतर ओला कोबा दिसतो. यावर सगळीकडे एकच उपाय : भुशाची गोणी. भुसा टाकायचा, झाडायचा आणि गटारात लोटायचा. नायट्रिक ॲसिडवर भुसा टाकला तर तांबूस विषारी धूर निघतो, भुसा पेटूही शकतो. गाळ्यात नव्याने लागलेल्या पोराला हे कुणी सांगितलेलं नसतं.

माझी मागणी साधी आहे. ड्रम हे पहिलं भांडं झालं. ते फुटलं तर माल धरून ठेवणारं दुसरं भांडं त्याच्याभोवती असलं पाहिजे. दोन-चार ड्रम असतील तर त्यांच्याखाली जाळीचा ट्रे. जास्त असतील तर अख्खा गाळाच भांडं करायचा. ब्रिटनमध्ये रूढ असलेलं माप असं : सर्वांत मोठ्या ड्रमच्या ११० टक्के किंवा एकूण साठ्याच्या २५ टक्के, यातलं जे जास्त असेल तेवढं मावलं पाहिजे. आता वीस फूट बाय तीस फुटांचा गाळा घ्या, ६० ड्रमचा. एकूण साठा १२,००० लिटर, म्हणजे ३,००० लिटर अडवायला हवेत. दाराला चार इंचांचा उंबरठा घातला तर त्या गाळ्यात साधारण ५,५०० लिटर मावतात. सगळे ड्रम जमिनीवरच उभे आहेत असं धरून त्यांची जागा वजा केली तरी चार हजारांच्या आसपास उरतात. खर्च किती? उंबरठा, भिंतीच्या कडेने गोलाई आणि कोब्यावर रसायनाला टिकेल असा थर. ट्रॉली अडते ही तक्रार मालक करणारच. उंबरठ्याला दोन्ही बाजूंनी उतार द्यावा, ट्रॉली अडत नाही.

एक अट मात्र विसरू नये. ॲसिड आणि हायपो एकाच बांधात ठेवले आणि दोन्ही गळले तर क्लोरीन वायू तयार होतो. म्हणजे गटार वाचवायला बांधलेल्या हौदातच माणसं गुदमरायची. त्यांच्यामध्ये आडवा बांध हवाच.

उघड्यावरच्या साठ्याची गोष्ट निराळी, आणि मुंबईत ती जास्त अवघड. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तो दिवस सोडा. एरवीच्या मुसळधार पावसातही फूटभर उंचीचा उघडा बांध दोन-तीन दिवसांत काठोकाठ भरतो. मग वॉचमन पाणी सोडायला त्याचा व्हॉल्व्ह उघडतो आणि तो पुढे दसऱ्यापर्यंत उघडाच राहतो. बांध कागदावर असतो, माल गटारात. म्हणून वर पत्र्याची शेड आणि व्हॉल्व्हला कुलूप, या दोन गोष्टी बांधाइतक्याच गरजेच्या. शिवाय टोल्युइन पाण्यापेक्षा हलकं असतं. गाळ्यात कमरेएवढं पाणी शिरलं तर त्याचा भरलेला ड्रमसुद्धा तरंगतो, आणि तरंगणाऱ्या ड्रमला चार इंचांचा उंबरठा काय अडवणार? सखल भागात ड्रम साखळीने बांधायलाच हवेत.

नियम नाहीत असं नाही. जाळून नष्ट करायच्या घातक कचऱ्याच्या साठवणुकीसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना आहेत. न झिरपणारी जमीन, तिला उतार, गळती गोळा करायला खड्डा, आणि जमिनीची पातळी कमाल पूरपातळीपेक्षा किमान १५० मिलिमीटर वर, असं सगळं त्यात लिहिलंय. गंमत अशी की हे कचऱ्यासाठी आहे. तेच थिनर नवंकोरं, सीलबंद ड्रममध्ये असेल तर छोट्या गाळ्याला या सूचना लागूच होत नाहीत. मोठ्या साठ्यांसाठी १९८९ चे घातक रसायनांचे नियम आहेत, पण त्यांच्या मर्यादा टनांत मोजल्या जातात. साठ ड्रमवाला या सगळ्यांच्या मधून सुटतो. रिकाम्या ड्रमचं उलटं आहे : रसायन लागलेलं रिकामं पिंप २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे, आणि आपल्या वस्त्यांत तीच निळी पिंपं पाणी भरायला दारोदार दिसतात. तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

आग लागली तर काय होतं, तेही बघा. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ १ नोव्हेंबर १९८६ ला रसायनांचं गोदाम पेटलं. आग विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकं घेऊन ऱ्हाईन नदीत गेलं. नदी लाल झाली, माशांचा खच पडला. आपल्याकडे अग्निशमन दल जीव धोक्यात घालून गोदामं विझवतं. पण ते पाणी कुठे गेलं, हे बातमीत कधी येत नाही.

आणि मासे राहू द्या, आपलीच माणसं बघा. थिनर, टोल्युइन अशा सॉल्व्हंटची वाफ हवेपेक्षा जड असते, ती गटाराच्या चेंबरच्या तळाशी साचते. पावसाळ्याआधी नालेसफाईला त्या गटारांशी भिडणारे कामगार महापालिकेचे किंवा तिच्या कंत्राटदाराचे असतात. वर कुठल्या गाळ्यात काय गळलंय, याची त्यांना काहीच कल्पना नसते.

कायदा बदलायला विधिमंडळात जायची गरज नाही. ३९४ च्या परवान्यात अटी घालण्याचा अधिकार आपला आहे. तेव्हा विनंती अशी : द्रव रसायनांच्या प्रत्येक नव्या आणि नूतनीकरणाच्या परवान्याला बांधाची अट जोडावी, बांधात किती लिटर मावतात तो आकडा परवान्यावरच लिहावा, म्हणजे तपासणीला येणाऱ्याने नुसती टेप लावली तरी खरं-खोटं कळेल. सुरुवात एल विभागापासून, म्हणजे आमच्या कुर्ला-साकीनाका भागापासून करावी, कारण मिठी तिथूनच जाते. जुन्या गाळ्यांना एक पावसाळा सवलत द्यावी, त्याहून जास्त नको. मालक कुरकुरतील. एक ड्रम वाया गेला की किती पैसे गटारात जातात हे त्यांनाही ठाऊक आहे, त्यामुळे ते ऐकतील असं माझा अनुभव सांगतो.

आपला,
एक निवृत्त स्टोअरकीपर
साकीनाका, मुंबई