आपल्या मुलांच्या स्नायूंची मापं आपणच घ्यायला हवीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी इंदुरात आयुष्यभर फिजिओथेरपी केली, आता निवृत्त आहे. सारखा पडणारा, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकत उभा राहणारा मुलगा माझ्याकडे यायचा तो बहुतेक वेळा उशिराच. ड्युशेन डिस्ट्रॉफी या आनुवंशिक आजारात स्नायू झिजतात आणि रक्तात एसजीपीटी वाढतं, जे एरवी लिव्हर बिघडल्याची खूण मानतात. ते पाहून काही मुलांना महिनोन्‌महिने लिव्हरची औषधं दिलेली असत. सीपीकेची, म्हणजे स्नायू झिजले की रक्तात वाढणाऱ्या घटकाची, साधी तपासणी कुणाला सुचलेली नसे. पुढे सुई टोचून ईएमजी, म्हणजे स्नायूतल्या विद्युत हालचालीची तपासणी. त्या मुलांच्या किंकाळ्या मी विसरू शकत नाही.

म्हणून स्नायूंच्या सोनोग्राफीबद्दल लिहिते आहे. यात सुई नाही, किरणोत्सर्ग नाही. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या हेकमॅट, डुबोवित्झ या डॉक्टरांनी १९८० सालीच ही वाट दाखवली. निरोगी स्नायू पडद्यावर काळसर दिसतो, मधूनमधून पांढऱ्या रेघा. रोगात चरबी आणि तंतू साठले की तो पांढुरका होतो, खालचं हाडही पुसट होत जातं. डॉक्टर नजरेने त्याच्या चार श्रेणी लावतात, पण थोडासा फरक नजरेतून सुटतो. संगणक मात्र प्रत्येक ठिपक्याचा करडेपणा ० ते २५५ मध्ये मोजून सरासरी काढतो. नेदरलँड्समधल्या नायमेखनला यावर मोठं काम झालं आहे. निदान पक्कं करायला जनुकीय तपासणी लागतेच. पण ती कुणाची लवकर करायची, हे सोनोग्राफीतून कळतं.

अडतं ते पुढे. मशीन बदललं, गेन (म्हणजे चित्राचा उजळपणा) वाढवला, की तोच स्नायू वेगळा आकडा देतो. वयानुसारही आकडा बदलतो. त्यामुळे परदेशातली सरासरी इथल्या मशीनवर जशीच्या तशी लावता येत नाही. इथल्या निरोगी मुलांची मापं, त्याच मशीनवर, तीच सेटिंग ठेवून घ्यावी लागतील.

एमजीएम मेडिकल कॉलेज आणि सिमरोलची आयआयटी यांनी हे काम मिळून हाती घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे सोनोग्राफीचं मशीन शाळोशाळी फिरवणं सोपं नाही, मुलांनाच केंद्रावर आणावं लागेल. रामबाग, लोकमान्य नगरातल्या पालकांना समजावून त्यांची संमती मिळवायचं काम मी आनंदाने करीन.

— एक निवृत्त फिजिओथेरपिस्ट, रामबाग, इंदूर